तांडेलाचं फडकं

गंगाराम डोर्लेकरचा हात आधी उठायचा आणि डोकं मागाहून विचारायचं, काय झालं म्हणून. जयगडच्या वाडीत हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे त्याच्या गॅरेजात कोणी हुज्जत घालत नसे. गाडी लावायची, काय होतंय ते सांगायचं आणि बाकड्यावर गप बसायचं. त्याची बायको एका थपडेनंतर माहेरी गेली ती परत आली नाही, आणि तिचं काही चुकलं असं वाडीत कोणी म्हटलं नाही. पण गाड्या मात्र लोक त्याच्याकडेच आणायचे, कारण नको असलेलं काम तो कधी करायचा नाही.

हा हात त्याला बापाकडून मिळाला होता. बाबल्या तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या, आणि होडीवरच्या गंजाचा कर्दनकाळ. नांगर, साखळी, इंजिनाचे नट, सगळं रोज सकाळी मुशीच्या तेलाने पुसलं गेलं पाहिजे. मुशी हा मोठा मासा. त्याच्या काळजातून काढलेलं ते तेल. वास असा की नाकात शिरला की दोन दिवस जेवण गोड लागत नाही. खारं वारं लोखंड खातं, म्हणून हे तेल. गंजाचा ठिपका दिसला की तांडेल ओल्या दोराने पोराला फोडून काढायचा. नऊ वर्षांचा असताना गंगाराम साखळीची एक कडी पुसायला विसरला, तेव्हा बापाने त्याला होडीच्या डोलकाठीला बांधून मारलं. चेहरा वाचवायचा असेल तर गुडघे पोटाशी घ्यायचे आणि पाठ द्यायची, हे तो तिथेच शिकला. त्याचे वण पाठीवर अजून होते.

पुढे होडी विकली. गंगारामने होडीच्या इंजिनावर शिकलेला हात गाड्यांना लावला आणि जयगडच्या वर, सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, रस्त्याच्या कडेला पत्र्याचं गॅरेज घातलं. बापाचं डोकं मग हळूहळू रिकामं होत गेलं. आता तो गॅरेजात जुन्या टायरवर बसून असायचा. गंगाराम त्याच्याशी बोलत नसे. जेवायला घालायचा, अंघोळ घालायचा आणि रोज सकाळी तेलाचं फडकं आणि जुन्या नटांचा डबा त्याच्यापुढे ठेवायचा. म्हातारा संध्याकाळपर्यंत तेच तेच नट पुसत राहायचा. तेवढं केलं की दिवसभर कटकट नाही. प्रेम म्हणाल तर नव्हतं, पण टाकूनही देववत नव्हतं.

उन्मेष आठल्ये हा बंदरावरचा इंजिनियर, जयगडलाच बायकोबरोबर राहायचा. त्याची गाडी पेट्रोलवरही चालायची आणि बॅटरीवरही. हायब्रिड. दोन हजार नऊ साली रत्नागिरीत अशी गाडी आली की लोक पानाच्या टपरीवरून उठून बघायला यायचे. आठवड्याला मुंबई, मध्येच पुणे, असं करून गाडी दीड वर्षात लाख किलोमीटरला टेकली होती. मार्चात तिचा दिवा पेटला. मिरजोळ्याला एमआयडीसीत कंपनीचं सर्व्हिस सेंटर होतं, तिथे सांगितलं की मोठी बॅटरी संपली, नवीच घाला. वर इंजिन आतून धुवा, इंजेक्टर साफ करा, एसीत औषध मारा, अशी वाण्याच्या यादीएवढी यादी.

ती यादी वाचून दाखवणारा चिराग हा गंगारामच्याच वाडीतला. लहानपणी गंगारामच्या खांद्यावर बसून जत्रा पाहिलेला. आता गळ्यात टाय आणि समोर संगणक. पोरगा लबाड नव्हता. संगणकात जे येईल ते तो वाचायचा आणि त्यावर मनापासून विश्वास ठेवायचा, एवढीच त्याची अडचण होती.

उन्मेष यादी घेऊन गंगारामकडे आला. गंगारामने गाडीबरोबर आलेलं पुस्तक त्याच्याकडून पानन्‌पान वाचून घेतलं. मग गाडी बंद करून मुख्य स्विच काढला, थोडा वेळ थांबला, हातात रबरी मोजे चढवले आणि नारिंगी केबलींना बोटही न लावता मागच्या सीटची पाठ उघडली. बॅटरीला वारा घालणारा पंखा आत लाल धुळीने बुजून गेला होता. सड्यावरची सगळी जांभ्याची माती तिथे जाऊन बसली होती.

"बॅटरी मेली नाय, साहेब," गंगाराम म्हणाला. "तिला दम लागलाय."

ब्रशने आणि हवेने पंखा साफ केला, तेव्हा दिवा गेला आणि पुन्हा लागला नाही. मग त्याने उन्मेषला बजावून सांगितलं. तेल वेळेवर बदला. हा पंखा वर्षातून दोनदा साफ करा. इंजिनाचं पाणी पुस्तकात लिहिलंय तेव्हा. ब्रेकच्या पिना दर पावसाळ्यानंतर सोडवून घ्या. बाकी यादी चुलीत घाला. उन्मेषने ही गोष्ट बंदरावर सगळ्यांना सांगितली आणि त्या पावसाळ्यात दहा-बारा गाड्या मिरजोळ्याचा रस्ता सोडून सड्यावर वळल्या. गंगाराम वरून काही दाखवायचा नाही, पण आतून त्याला फार बरं वाटलं. जन्मात पहिल्यांदा लोक त्याच्या रागाबद्दल नाही, कामाबद्दल बोलत होते.

नोव्हेंबरात गाडी पुन्हा आली. या वेळी सेंटरने लेखी दिलं होतं: चारी चाकांचे ब्रेक पूर्ण बदला, नाहीतर पुढची जबाबदारी आमची नाही. गंगारामने चाकं उतरवली. अशा गाडीला तिची मोटरच बरीचशी थांबवते, त्यामुळे ब्रेकना काम कमी. पॅड अर्ध्याहून जास्त शिल्लक होते. नुसत्या पिना खाऱ्या वाऱ्याने धरल्या होत्या. त्याने त्या सोडवल्या, घासल्या, ग्रीस भरलं, गाडी सड्यावर पळवून चार वेळा करकचून थांबवली. मग सेंटरच्या त्याच कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून दिलं, ‘ब्रेक चांगले आहेत. गंगाराम डोर्लेकर.’ असं लिहून द्यायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पण कौतुकाने त्याला ऊत आला होता.

त्याच संध्याकाळी चिराग गॅरेजात आला. गाडीच्या चाकांशी उकिडवा बसून मोबाइलने फोटो काढू लागला. ब्रेक बदलले नाहीत याचा पुरावा सेंटरच्या साहेबांनी आणायला सांगितलाय, म्हणाला. तुमच्यामुळे माझी नोकरी जाईल, काका, असंही म्हणाला. गंगारामने टाय धरून त्याला उभा केला आणि ढकलत रस्त्यावर नेऊन टाकला. पोराचं कोपर फुटलं. उठताना तो म्हणाला की ब्रेक गेले ना, तर तुमचं नाव जाईल, बघा. मग गंगारामने गाडी धुतली आणि उघड्यावर लावून ठेवली.

सकाळी उन्मेष नेहमीपेक्षा लवकर आला. बरोबर बायको भार्गवी होती; दोघं गणपतीपुळ्याला दर्शनाला निघाली होती. गंगाराम तेव्हा एका टेम्पोच्या खाली आडवा होता. त्या घाईत त्याने बापाला तेलाचं फडकं दिलं होतं, पण नटांचा डबा फळीवरच राहिला होता. म्हातारा टायरवर नव्हता, गाडीच्या पलीकडे कुठेतरी बसला होता. गंगारामने टेम्पोखालूनच किल्ली कुठे आहे ते सांगितलं. गाडी आवाज न करता निघून गेली.

गणपतीपुळ्याकडे जाताना सड्याचा सपाट रस्ता संपतो आणि समुद्रापर्यंत वळणावळणाचा उतार लागतो. सपाटीवर उन्मेषला काही कळलं नाही, कारण तिथे मोटरच गाडी थांबवत होती. उतारावर बॅटरी भरली. बॅटरी भरली की मोटर हात आखडते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. तिसऱ्या वळणावर उन्मेषने पाय दाबला आणि गाडी लोण्यावरून घसरावी तशी पुढेच गेली. गिअर ओढला, हँडब्रेक ओढला. गाडी आडवी होऊन एका बागेच्या गडग्यावर, जांभ्याच्या दगडी कुंपणावर, आदळली आणि गडगा फोडून आत गेली. गडग्याचा एक अख्खा चिरा भार्गवीच्या बाजूच्या दारातून आत आला.

बातमी कळून गंगाराम मोटरसायकलवर पोचला तेव्हा लोक दार उपटत होते. उन्मेष स्टिअरिंगवर पडून तोंडातून रक्त ओकत होता. भार्गवी शुद्धीवर होती आणि तिचा आवाज थांबत नव्हता. गंगारामने खाली बसून चिरा खांद्याने रेटला. चिरा हलला, तसा तिचा डावा पाय गुडघ्याच्या खाली चिरडलेला दिसला; हाड बाहेर आलं होतं आणि पैंजण मांसात रुतलं होतं. त्याने स्वतःचा शर्ट काढून मांडीला आवळला. तिने त्याच्या दंडाला दात लावले, ते त्याने लावू दिले.

रत्नागिरीला सिव्हिल हॉस्पिटलात दुपारी डॉक्टरांनी सांगितलं की उन्मेषच्या बरगड्या मोडल्यात, पण जगेल. बाईंचा पाय ठेवता येणार नाही. उन्मेषचे वडील गोपाळकृष्ण आठल्ये तिथे आले होते, जन्मभर शाळेत शिकवून निवृत्त झालेले, आवाजही न चढवणारे. पोलिसांनी गाडीतल्या वस्तू त्यांच्या हातात दिल्या होत्या. त्यात तो कागद होता. त्यांनी पाठची ओळ वाचली, वर पाहिलं आणि उघड्या अंगाने, रक्ताने माखून भिंतीशी उभ्या असलेल्या माणसाला विचारलं, गंगाराम डोर्लेकर तुम्हीच का? त्याने मान हलवली, तशी त्यांनी छत्री उचलून त्याच्या तोंडावर मारली. एकदा, दोनदा, दांडी मोडेपर्यंत. गंगारामचा ओठ फाटला. त्याचा हात उठला नाही. तो स्वतःच त्या हाताकडे बघत राहिला.

पण जिना उतरता उतरता डोकं चालू लागलं आणि भलत्याच वाटेने गेलं. ब्रेक काल संध्याकाळी ठीक होते. त्याने स्वतः पाहिले होते. त्याच्यानंतर त्या चाकांशी एकच माणूस बसला होता. ब्रेक गेले तर नाव जाईल, असं म्हणालाही होता. गंगारामला एवढं पुरे झालं. कोणीतरी त्याचं काम बिघडवलं होतं, एका बाईचा पाय घालवला होता, आणि ते त्याच्या नावावर टाकलं होतं. मोटरसायकलच्या पेटीत चाकाचा पाना होता.

सर्व्हिस सेंटरात काचेचं दार होतं. ते त्याने उघडलं नाही, पान्यानेच फोडलं. आत दोन गिऱ्हाईकं चहा पीत होती, ती सोफ्यामागे गेली. चिराग संगणकापुढे होता. गंगारामने त्याला केसांना धरून टेबलावर आपटला, संगणक खाली गेला, चिरागचं नाक फुटलं.

"कुठल्या हाताने केलंस?" गंगारामने विचारलं.

काय केलं, काका, काय, असं चिराग रक्त थुंकत विचारत राहिला. गंगारामने त्याचा उजवा पंजा टेबलावर दाबून धरला आणि पाना घातला. पहिल्या घावाला दोन बोटं मोडली. चिराग किंचाळला की मी हात पण लावला नाय, नुसते फोटो काढले, आईशप्पथ. गंगारामने पुन्हा घातला. तिसऱ्या घावाला बोटं बोटांसारखी दिसत नव्हती. मागून चार-पाच मेकॅनिक धावले, त्यांनी त्याला पाडला, बुटांनी तुडवला, कोणीतरी कंबरेत जॅकची दांडी घातली. तो उठला, पाना फिरवत दारापर्यंत गेला आणि निघाला. कोणी आडवं आलं नाही. सगळे चिरागभोवती जमले होते.

तो पळून जात नव्हता. त्याला पुरावा हवा होता. पोलिसांनी गाडी उतारावर गडग्याशीच ठेवली होती आणि राखणीला ठेवलेला माणूस समोर चहाला गेला होता. ऊन कलायला लागलं होतं. गंगाराम चिऱ्यांमध्ये पोटावर झोपून ब्रेकची नळी चाचपत गेला. कापलेली असेल. नव्हती. नट सैल केला असेल. घट्ट होता, त्यानेच घट्ट केलेला. मग त्याने ब्रेकच्या डिस्कवर, पॅड जिला धरतात त्या लोखंडी तबकडीवर, बोट फिरवलं. बोट सरकलं. डिस्क चकचकीत होती, ठिपकाही नव्हता. उलट्या बाजूनेही तेच. दुसऱ्या चाकाला तेच. त्याने बोट नाकाशी नेलं.

मुशीचं तेल.

तो तिथेच पडून राहिला. त्याला सगळं सरळ दिसलं. रात्रभर उघड्यावर राहिलेल्या ओल्या डिस्कवर खाऱ्या वाऱ्याने तांबूस गंज चढतो. चार वेळा ब्रेक मारला की निघूनही जातो; मेकॅनिक त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. पण तांडेलाला गंज दिसला होता. हातात फडकं होतं आणि पुढ्यात नट नव्हते. पोराच्या कामावर गंज राहिला, तर तो पुसायला नको? चारी चाकं त्याने मन लावून पुसली असतील. तेल पॅडात मुरलं असेल. आणि चिरागची बोटं... लोकांनी मारलं त्याचं काही नव्हतं. आपण एका निरपराध पोराचा हात ठेचला आणि तो ठेचताना आपल्याला बरं वाटलं, हे त्याला पचेना.

तो गॅरेजात आला तेव्हा बाबल्या तांडेल टायरवर बसला होता. मांडीवर फडकं. दिवसभर त्याला कोणी जेवायला घातलं नव्हतं.

"गाडीच्या चाकांना तेल कोणी लावलं?" गंगारामने विचारलं. चार वर्षांत बापाला विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

म्हाताऱ्याच्या तोंडावर हसू आलं. "चारी लखलखीत केली. गंज धरला व्हता."

खुंटीला होडीचा जुना दोर टांगलेला होता. गंगारामने तो ओढून काढला, दुहेरी केला आणि हात वर नेला. भार्गवीचा आवाज, चिरागचा आवाज, डोलकाठी, सगळं एकदम त्याच्या दंडात आलं. एवढ्या वर्षांचं देणं होतं आणि द्यायला कारणही मिळालं होतं.

बाबल्याने दोर पाहिला. तो टायरवरून खाली घरंगळला, गुडघे पोटाशी घेतले, कोपरांत तोंड लपवलं आणि पाठ पुढे केली. चेहरा वाचवायचा असेल तर असं करायचं.

"बाबा, मारू नको," म्हातारा म्हणाला. "पुसतंय मी. पुसतंय, बाबा."

सदरा वर सरकला होता. त्या म्हाताऱ्या, सुकलेल्या पाठीवर कमरेपाशी आडवे वण होते, पांढरे पडलेले, जुने. आपल्या बापालाही बाप होता, हे गंगारामला पंचेचाळीस वर्षांत कधी सुचलंच नव्हतं. हात तसाच वर राहिला आणि दुखायला लागला. मग त्याने दोर टाकला आणि खाली बसला. त्याला रडू येत होतं, पण कोणासाठी ते ठरत नव्हतं. त्याने बापाचा सदरा खाली ओढला आणि त्याला धरून टायरवर बसवला.

पोलिसांची जीप रस्त्याला लागली तेव्हा सूर्य खाडीच्या तोंडाशी होता. पुढून आत्माराम हवालदार उतरला. तो गंगारामला ओळखत होता, म्हणून त्याने काठी हातातच ठेवली. पण गंगारामचं लक्ष बापाकडे गेलं होतं. म्हातारा उठून मोटरसायकलपाशी गेला होता. उघड्या पेटीतला पाना त्याने काढला होता आणि त्यावरच्या तांबड्या डागावर फडकं घासायला सुरुवात केली होती. गंज त्याला कुठेही दिसायचा.

हवालदाराने पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. अजून चार हात फिरले असते तर पाना लखलखीत झाला असता.

गंगाराम गेला आणि त्याने बापाचं मनगट धरलं. हळू धरलं.

"बाबा, राहू दे. तो गंज नाय. तो तसाच पायजे."

म्हाताऱ्याने पाना सोडला. गंगारामने तो हवालदाराच्या हातात दिला आणि लिहून घ्यायला सांगितलं. चिरागने गाडीला हात लावला नव्हता. त्याची बोटं मी ठेचली. चाकांना तेल मी लावलं.

आत्माराम हवालदार कोळ्याच्याच घरातला. त्याने पान्याचा वास घेतला, म्हाताऱ्याच्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं की गंग्या, तू लावलंस? मेकॅनिक असून?

"फडकं मीच देतंय रोज," गंगाराम म्हणाला. "मी लावलं असं लिवा."

शेजारच्या गोदूबाईला हाक मारून त्याने बापाच्या जेवणाचं सांगितलं. कधीपर्यंत, असं तिने विचारलं. हवालदार जीपपाशी थांबला होता. गंगाराम परत आत गेला, सकाळी विसरलेला नटांचा डबा फळीवरून काढला आणि बापाच्या पुढ्यात ठेवला. मग तो जीपमध्ये जाऊन बसला.